सुईवरची अर्धी कामं आणि न विणलेली पानं

इयरफोन कानात आहेत, हात रिकामे आहेत का? असतील तर सुया घ्या हातात. नसतील तर नुसतं ऐका, भांडी घासता घासता ऐकलंत तरी चालेल. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून काढलाय.

आजचा विषय आहे विणकाम. त्यातही दोन गोष्टी, ज्यावरून घरात आपल्याला हमखास बोलणी बसतात. एक, नमुन्यांची पुस्तकं, जी आपण घेत सुटतो आणि त्यातलं फारसं काही विणत नाही. दोन, अर्धवट कामं. माझ्या पिशव्यांत या घटकेला एक कानटोपी आहे जिला शेंडा नाही, एक मोजा आहे ज्याला जोडीदार नाही आणि एक शाल आहे जी सध्या रुमालाएवढी आहे. "आधीचं संपव, मग नवीन घे," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

मी बोलतेय परंदवडीहून. मावळात, सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. पाऊस भरपूर, हिवाळ्यात सकाळी भातखाचरांवर धुकं. तरी खरं सांगायचं तर स्वेटर लागतो तो वर्षातून दोन-अडीच महिने. मग इतकं विणायचं कशाला, असा प्रश्न रास्तच आहे. गरजेपुरतंच विणायचं म्हटलं तर आपलं काम एका डिसेंबरात संपेल. आपण विणतो ते बरंचसं विणण्यासाठीच. आणि एकदा हे मान्य केलं की न विणलेली पानं आणि न संपलेली कामं यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं.

आधी पुस्तकांकडे वळू.

मराठीत एक गंमत आहे. मागावरचं कापड विणतात, स्वेटर विणतात, खाट विणतात, कोळी जाळं विणतो. सगळ्याला एकच क्रियापद. त्यामुळे यूट्यूबवर नुसतं 'विणकाम' शोधलंत तर हातमागही समोर येतो. 'स्वेटर विणणे' किंवा 'दोन सुयांचे विणकाम' असं शोधा. आणि लोकर म्हटलं की आपल्या भागात आधी घोंगडी आठवायला हवी. मेंढ्या धनगरांच्या, आणि घोंगडी मागावर विणणारे सणगर. मेंढरामागे चालता चालता चातीवर सूत काढणारे हात पुरुषांचे असायचे. म्हणून कुणी "विणकाम म्हणजे बायकांचं" म्हणालं की मला हसू येतं. इंग्लंडमध्ये तर रिचर्ड रट नावाचे एक बिशप होते, ते स्वतः विणायचे. त्यांनी १९८७ साली हातविणकामाचा अख्खा इतिहास लिहिला. त्यांनी जमवलेली नमुन्यांची पुस्तकं आज साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विंचेस्टर इथल्या कला ग्रंथालयात आहेत, आणि त्यातली व्हिक्टोरियन काळातली पुस्तकं स्कॅन करून फुकट वाचायला ठेवली आहेत. पावसाळ्यात लाईट गेली आणि फोन चार्ज असला की मी ती चाळत बसते. त्यातलं काहीही मी विणणार नाहीये. पण एकशेसत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी बाळाच्या मोज्याची टाच कशी वळवायची हे शब्दांत सांगायचा आटापिटा करतंय, हे वाचताना मजा येते.

नमुन्यांची पुस्तकं ढोबळमानानं दोन प्रकारची. पहिला प्रकार म्हणजे पाककृतीसारखा: हा स्वेटर, इतकी लोकर, इतके टाके घाला, इथे घटवा, तिथे बंद करा. दुसरा प्रकार म्हणजे विणींचा कोश. त्यात कपडा नसतो, नुसत्या विणी असतात: जाळीच्या, वेणीच्या, उठावाच्या. अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर यांचा १९६८चा संग्रह या दुसऱ्या प्रकारातला, त्यात पाचशेहून जास्त विणी आहेत. जपानच्या हितोमी शिदा यांच्या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती २०१७ साली आली, त्यात २६० विणी. आता सांगा, २६० विणी कुणी संपवेल का? कोश कुणी संपवत नाही, तो चाळतात.

आपल्याला ही सवय नवीन नाही. घरात ठिपक्यांच्या रांगोळीचं पुस्तक असतं ना? दिवाळीला त्यातली एखादीच दारात उमटते. बाकीच्या रांगोळ्या आपण बोटानं गिरवून बघतो, "ही १३ ते ७ ठिपक्यांची आहे, अंगणात मावेल," एवढं म्हणून पान उलटतो. ते पुस्तक वाया गेलं असं आईनं कधी म्हटलंय? विणकामाच्या पुस्तकाला तोच न्याय लावा.

रांगोळी काढता येणाऱ्याला तर विणीचा आलेखही लवकर कळतो. एक चौकोन म्हणजे एक टाका, चौकोनांची एक आडवी रांग म्हणजे विणलेली एक ओळ. आलेख खालून वर वाचायचा, कारण विणकाम खालून वर वाढतं. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे, कारण आपण काम फिरवलेलं असतं. जपानी पुस्तकांतल्या खुणा ठरलेल्या, प्रमाणित आहेत. एकदा खुणांचा तक्ता पाठ झाला की जपानीचं एक अक्षर न येता तुम्ही जपानी पुस्तकातून विणू शकता. मला हे फार भारी वाटतं.

आता जुन्या मराठी पुस्तकांबद्दल. अप्पा बळवंत चौकात, रद्दीच्या दुकानात किंवा मावशीच्या कपाटात ती सापडतात. महिला मासिकांची कात्रणंही सापडतात. ती उघडली की नवीन मुलं घाबरतात, कारण आत काहीतरी मंत्र लिहिल्यासारखं दिसतं: "२ सु., १ उ., धा. पु., २ एकत्र." घाबरू नका. सु. म्हणजे सुलट, उ. म्हणजे उलट. धा. पु. म्हणजे धागा पुढे, त्यानं एक टाका वाढतो आणि भोक पडतं. २ एकत्र म्हणजे दोन टाके मिळून एक विणायचा, त्यानं एक टाका कमी होतो. वाढवलेला आणि घटवलेला टाका एकमेकांना फेडतात, म्हणून जाळी पडते पण रुंदी तेवढीच राहते. सगळ्या जाळीदार विणींचं गुपित एवढंच.

जुन्या पुस्तकात लोकर औंसात दिलेली असते. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. "६ औंस" लिहिलं असेल तर १७० ग्रॅम धरा. आणि सुयांच्या नंबराकडे नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकन व्हिडिओत उलटं असतं, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची! आजीच्या पुस्तकातलं ८ आणि फोनवरचं ८ यात अख्खा एक मिलिमीटरचा फरक आहे. त्या एका मिलिमीटरनं भावाचा स्वेटर काकांना होतो. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा.

आणि नमुन्याचा तुकडा विणा. हो, कंटाळा येतो. पण हिशेब ऐका. पुस्तक म्हणतं १० सेंटीमीटरला २२ टाके. छातीचा घेर १०० सेंटीमीटर हवा, म्हणजे २२० टाके. तुमचा हात सैल असेल आणि तुमचे १० सेंटीमीटरला २० टाकेच बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटीमीटर होतात. दोन टाक्यांचा फरक, दहा सेंटीमीटरचा फटका. छोटा चौकोन विणायला अर्धा-पाऊण तास लागतो. स्वेटरला महिना.

पुस्तकाच्या हुकमातून सुटायचं असेल तर एलिझाबेथ झिमरमन हे नाव लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या या बाईंचं 'निटिंग विदाउट टीअर्स' १९७१ साली आलं. त्यांनी टक्केवारीची पद्धत लोकांपर्यंत नेली. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के, मनगटाचे साधारण २० टक्के, दंडाचे साधारण ३३ टक्के. म्हणजे अंगाला २०० टाके असतील तर मनगटाला ४०, दंडाला ६६. कॅल्क्युलेटर फोनमध्ये आहेच. मग पुस्तकातून फक्त वीण उचलायची, मापं आपली.

माझ्याकडचं सगळ्यात चांगलं पुस्तक मात्र छापलेलंच नाही. ती आजीची वही आहे. आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वहीत डाव्या पानावर नमुना लिहिलेला आणि उजव्या पानावर त्याच विणीचा चार बोटं रुंद तुकडा टाचलेला. बाजूला शेरे, शिक्षिकेच्याच लाल पेनानं: "दिसायला छान, वेळखाऊ." "बाळाला नको, बोटं अडकतात." "लोकर फार खाते." छापील पुस्तकात असे शेरे कुणी देत नाही. "बाळाला नको" हे पुस्तकाला माहीतच नसतं, ते विणून बघणाऱ्याला माहीत असतं. तुम्हीही लिहा. पुस्तकाच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलंत तर सरस्वती रागावत नाही.

पीडीएफ असेल तर तिच्यावर बोटानं लिहा. आणि हो, विकत घेतलेली पीडीएफ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. ज्या व्यक्तीनं तो नमुना दहा वेळा उसवून नीट बसवला, तिचं पोट त्यावर असतं. फुकट नमुने भरपूर आहेत, ते खुशाल पाठवा.

आता अर्धवट कामं.

विणकाम करणाऱ्यांची रॅव्हलरी नावाची एक साइट आहे, २००७ साली सुरू झाली. तिथे प्रत्येक कामापुढे त्याची अवस्था लिहायची सोय आहे: चालू, पूर्ण, शीतनिद्रेत आणि बेडूक. बेडूक का? इंग्रजीत उसवताना 'रिप इट, रिप इट' म्हणतात आणि ते ऐकायला बेडकाच्या आवाजासारखं लागतं. आमच्या मावळात जूनपासून रात्रभर बेडकांचं चालू असतं, त्यामुळे मला हा विनोद लगेच आवडला. मुद्दा असा, की त्या यादीत 'अपयश' असा रकाना नाही. झोपलेलं काम आणि उसवलेलं काम, दोन्ही धंद्यातल्याच गोष्टी.

आपल्या घरांत तर हे कुणी नव्यानं सांगायची गरजच नव्हती. मुलाचा स्वेटर आखूड झाला की टाकून देत नसत. शिवणी उसवायच्या, वरच्या बंद केलेल्या टोकाकडून धागा ओढायचा, आणि ती नागमोडी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची. चार ठिकाणी दोऱ्यानं सैल बांधून कोमट पाण्यात बुडवायची, सावलीत टांगायची. वाळली की वळ्या जातात. मग त्यात दुसऱ्या रंगाचा पट्टा घालून पुढच्या वर्षीचा स्वेटर. एकच लोकर थोरल्याकडून धाकटीकडे, धाकटीकडून कानटोपीत. त्या लोकरीचा स्वेटर कधीच 'पूर्ण' नव्हता, तो दर हिवाळ्याला नव्यानं चालू व्हायचा. ॲक्रिलिकच्या वळ्या इतक्या सहज जात नाहीत, पण विणता तीही येते.

शिवलेल्या कापडाला कात्री लागली की लागली. मातीचं भांडं भाजलं की भाजलं. विणकामात मात्र शेवटचा टाका बंद होईपर्यंत, आणि नंतरही, धागा अख्खाच असतो. म्हणून अर्धवट काम घरात असण्याची लाज वाटू देऊ नका. पण त्याला विसरूही नका. त्यासाठी तीन साध्या सवयी.

पहिली: काम बाजूला ठेवताना चिठ्ठी ठेवा. सुई किती मिलिमीटरची, कितवी ओळ, कुठला नमुना, कुणासाठी. सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवणार नाही. फोनमध्ये फोटो काढला तरी चालेल.

दुसरी: पावसाळ्याआधी टाके सुईवरून काढून जाड सुती दोऱ्यात ओवून ठेवा. लोखंडी सुई आमच्यासारख्या दमट हवेत गंजते आणि डाग लोकरीला लागतो. सुईवर महिनोन्महिने ताणलेली ओळ नंतर वेगळीही दिसते. शिवाय सुया मोकळ्या होतात, दुसरं काम सुरू करता येतं. (हे आईला ऐकवू नका.)

तिसरी: खरी लोकर असेल तर कसर लागते. पिशवी महिन्यातून एकदा उघडा, ऊन दाखवा, झटका. ॲक्रिलिकला कसर खात नाही, पण धूळ आणि ओल त्यालाही नको.

आणि वर्षातून एकदा सगळ्या पिशव्या बाहेर काढा. प्रत्येकीला विचारा: हे मला पुढे विणायचंय, झोपू द्यायचंय की उसवायचंय? उत्तर सोपं नसतं. मला सगळ्यात अवघड गेलेल्या पिशवीबद्दल सांगते.

आजीच्या ट्रंकेत एक राखाडी पाठ होती. स्वेटरची नुसती पाठ, सुईसकट. ती आजोबांसाठी होती. आजोबा त्या हिवाळ्याआधी गेले आणि काम तिथेच थांबलं. आता आजीची बोटं संधिवातानं वळत नाहीत. मी ठरवलं, आपण हा स्वेटर पूर्ण करायचा. अमेरिकेत 'लूज एंड्स' नावाचा एक उपक्रम २०२२ साली सुरू झालाय. कुणी गेलं आणि मागे अर्धं काम राहिलं, तर अनोळखी स्वयंसेवक ते पूर्ण करून घरच्यांना परत देतात. ते वाचून मी भारावले होते. मला वाटलं, आपल्याच घरात हे करता येईल.

मी मोजमाप केलं. पाठीचे ११० टाके, झालेल्या ओळी १०५. म्हणजे साडेअकरा हजार टाके, सगळे आजीचे. तिचे १० सेंटीमीटरला २२ टाके होते. त्याच सुयांवर माझे २४. मी पुढे विणलं असतं तर खालची पाठ ५० सेंटीमीटर आणि वरची ४६ला थोडी कमी. सुई जाड घेऊन जुळवता आलं असतं. मी आजीला विचारलं, "आजी, कुठली सुई घेऊ?"

ती म्हणाली, "उसव."

मी म्हटलं, "आजी, आजोबांचा आहे."

"त्यांचा झालाच नाही तो. लोकर चांगली आहे, ट्रंकेत कसर खाईल. ताईच्या बाळाला होईल की."

दोन दिवस मी ते काम तसंच ठेवलं. मला ती पाठ हवी होती, कारण त्यात आजीचा हात दिसत होता, एकेक टाका सारखा. आणि आजीला हवं होतं की त्या लोकरीनं कुणाला तरी ऊब द्यावी. दोघींचंही बरोबर होतं. पण लोकर तिची, काम तिचं आणि माणूसही तिचं. ठरवायचा हक्क तिचाच होता.

तिसऱ्या दिवशी उसवलं. मी धागा ओढत होते, ती गुंडाळत होती. गुंडाळायला बोटं फार वळावी लागत नाहीत. खालचा काठ आला तेव्हा मी म्हटलं, एवढा तरी ठेवू, वहीत टाचू. आजी म्हणाली, "काठातच तर लोकर जाते." तोही गेला. मी त्याआधी एक फोटो काढून घेतला होता, तेवढा आहे. ट्रंकेतले न वापरलेले गुंडे सोडून त्या पाठीतून ९० ग्रॅम लोकर निघाली. तान्ह्या बाळाच्या स्वेटरला साधारण १०० लागते. गुंडे होतेच, टोपडंही होईल.

लूज एंड्सचं काम मला आजही मोलाचं वाटतं. तिथे अनेकदा विणणारी व्यक्ती विचारायला उरलेली नसते. माझ्याकडे होती. तुमच्या घरात कुणाचं अर्धं काम असेल आणि ती व्यक्ती हयात असेल, तर पूर्ण करायच्या आधी तिला विचारा. आपल्याला आठवण जपायची असते, तिला कदाचित ती सुई मोकळी करायची असते.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. एक: एक नमुन्याचं पुस्तक उघडा आणि काहीही न विणता अर्धा तास चाळा. आवडलेल्या तीन पानांवर पेन्सिलीनं कारण लिहा. दोन: एक अर्धवट काम बाहेर काढा आणि त्याचं काय ते ठरवा. विणा, चिठ्ठी लावून झोपवा, नाहीतर बेडूक करा. आणि तीन: घरात विणणारं कुणी मोठं असेल तर त्यांची वही मागा, नसेल तर त्यांना बोलतं करून तुम्ही लिहून घ्या. हे शेरे पुस्तकात सापडत नाहीत.

बाळाच्या स्वेटरची एक बाही राहिलीये, दिवाळीच्या आत व्हायला हवी, कारण बाळं काही आपल्या विणण्यासाठी वाढायची थांबत नाहीत. तुमच्या सुईवर काय आहे ते कळवा. अर्धं असलं तरी कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ओळ पूर्ण करूनच फोन उचला!